निरोप देताना दुसरी पायरीही दाखवा

फेब्रुवारी महिना आला की शाळाशाळांतून दहावीचे निरोप समारंभ सुरू होतात. आपल्या नाशिक रोडलाही उपनगरपासून देवळालीगावापर्यंत आणि जेलरोडपासून सिन्नर फाट्यापर्यंत हेच चित्र दिसतं. सरस्वतीपूजन, हॉल तिकिटांचं वाटप, रडणाऱ्या मुली, मोबाईलवर फोटो आणि मग मान्यवरांची भाषणं. मोठे व्हा, शाळेचं नाव काढा, आईवडिलांचे पांग फेडा, ध्येय उंच ठेवा असं सगळे सांगतात. यात चुकीचं काहीच नाही. पण शिक्षक मित्रांनो, हे सगळं आपण नेमकं कोणत्या मुलाला सांगत असतो?

साठ मुलांच्या वर्गातली पाच-सात मुलं उंच ध्येय घेऊन निघालेलीच असतात. आपण काही बोललो नाही तरी ती पुढे जातील. खरी गरज असते मागच्या बाकावरच्या मुलाला. गणितात आपण निघू की नाही, याची धास्ती त्याला समारंभातही असते. त्याला आपण सांगतो, “अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.” वाक्य छान आहे, टाळ्याही पडतात. पण दुसरी पायरी कुठे आहे, ते आपण सांगतच नाही.

ती पायरी आहे, आणि ती निकालाच्या आधी सांगायला हवी. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो, राहिलेले विषय नंतर सोडवायचे असतात. मार्चची परीक्षा हुकली तर पुरवणी परीक्षा असते, त्यासाठी पुढच्या मार्चपर्यंत थांबावं लागत नाही. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी पास असण्याची अट नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. शाळा सुटलीच, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. पुढे नोकरी सांभाळून पदवी घ्यायची असेल तर 1989 साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे. हे सगळं सांगायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत, पण एखाद्या मुलाचं वर्ष वाचतं.

पालकांशीही थोडं बोलायचं आहे. नाशिक रोड हे प्रेसचं गाव. 1925 मध्ये सिक्युरिटी प्रेस आली, 1928 मध्ये नोटांची छपाई सुरू झाली. ‘प्रेसला लागला’ म्हणजे आयुष्याचं भलं झालं, हे इथल्या कितीतरी घरांनी अनुभवलं आहे. त्यामुळे मुलांना सल्ला देताना आपल्या डोळ्यांसमोर तोच रस्ता असतो. आता तिथली जाहिरात निघाली की देशभरातून अर्ज येतात आणि ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. म्हणून “आमच्या वेळी असं होतं” एवढ्यावर थांबू नका. मुलाबरोबर बसून आजचे रस्ते शोधा.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू आहे. मुलगा नापास झाला तर त्याला पुन्हा बसवतात, क्लास लावतात. मुलगी नापास झाली की काही घरांत लगेच ऐकू येतं, “आता पुरे झालं शिक्षण.” पुरवणी परीक्षेचा फॉर्म तिच्यासाठीही आहे. निरोपाच्या दिवशी आईवडील शाळेत आलेले असतात, तेव्हाच हे त्यांच्यासमोर स्पष्ट बोलायला काय हरकत आहे?

आपल्या जेलरोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात साने गुरुजींनी फेब्रुवारी 1933 मध्ये अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. गुरुजी मूळचे अमळनेरच्या शाळेतले शिक्षक. छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, पण त्यांच्यातला शिक्षक तुरुंगातही गप्प बसला नाही. पाण्याला घाबरून लपलेल्या श्यामला आई फोकाने मारून पोहायला धाडते, तो प्रसंग आठवा. पण विहिरीवर सोबत पोहणारी मंडळी आहेत हे तिला ठाऊक असतं, आणि तो परत आल्यावर त्याला जवळही तीच घेते. आपला निरोपही तसाच हवा. ढकलायचं जरूर, पण बुडायला लागला तर कोणाला हाक मारायची, हे सांगून.

म्हणून यंदा चार साध्या गोष्टी करून पाहू या.

एक, भाषणं दोनच ठेवू या. उरलेल्या वेळात निकालानंतरच्या वाटा फळ्यावर लिहून समजावू या.

दोन, दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, जात, आधारवरचं स्पेलिंग हे प्रत्येक मुलाकडून तपासून घेऊ या. पुढे प्रवेशाच्या वेळी एका अक्षरासाठी पालकांना खेटे घालावे लागतात.

तीन, प्रत्येक मुलाच्या वहीत एका शिक्षकाचा फोन नंबर लिहून देऊ या. शाळा सुटली तरी हा नंबर सुटत नाही, असं सांगून.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं. निकालाच्या दिवशी पहिला फोन पहिल्या आलेल्या मुलाला नको. त्याच्या घरी पेढे वाटायला माणसं भरपूर असतात. पहिला फोन नापास झालेल्या मुलाला करू या. दुपारी निकाल लागल्यापासून संध्याकाळपर्यंतचे ते चार-पाच तास त्याला फार जड जातात. “जेवलास का? उद्या दहा वाजता शाळेत ये, आपण फॉर्म भरू,” एवढं वाक्य पुरतं. आणि पालकहो, त्या संध्याकाळी तरी शेजारच्या मुलाचे टक्के घरात काढू नका.

निरोप म्हणजे ‘जा’ असं सांगणं नव्हे. आपल्याकडे घरातून निघणाराही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मुलांना ‘या’ म्हणूनच निरोप देऊ या, आणि ती येतील तेव्हा शाळेत कुणीतरी असेल याची काळजी घेऊ या.