सेवाभावाला हिशेबाची जोड

पदवी हाती पडताच सुशिक्षित घरांतून दोनच वाटांची चर्चा होते: भरघोस वेतनाची नोकरी किंवा, मुलगा वा मुलगी फारच ध्येयवेडी असेल तर, समाजकार्य. पहिलीत स्थैर्य आणि दुसरीत त्याग, असा सर्वसाधारण समज आहे. समाजहित साधणारा व्यवसाय ही तिसरी वाट मात्र क्वचितच विचारात घेतली जाते.

या संदर्भात डॉ. हरीश हंदे यांचे उदाहरण उद्बोधक आहे. खरगपूरच्या आयआयटीतून ऊर्जा अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. तेथे संशोधन सुरू असताना, डॉमिनिकन रिपब्लिकमधील गरीब लोक पैसे मोजून सौरदिवे वापरतात, हे त्यांच्या पाहण्यात आले. त्यांच्या प्रबंधाचा विषय बदलला आणि आयुष्याची दिशाही. १९९५ मध्ये त्यांनी नेव्हिल विल्यम्स यांच्यासह बंगळूर येथे ‘सेल्को’ ही कंपनी स्थापन केली. गरिबांना सौरऊर्जा परवडत नाही, ती यंत्रणा त्यांना सांभाळता येत नाही आणि समाजहिताचा उद्योग व्यापारी तत्त्वावर चालत नाही, हे तीन समज खोटे ठरविणे हा तिचा उद्देश होता.

या कार्यात दिव्याइतकेच महत्त्व कर्जाला आले. महिन्याला तीनशे रुपये जड जातात, रोजचे दहा रुपये मात्र झेपतात, ही एका पथविक्रेत्या महिलेकडून मिळालेली शिकवण हंदे यांनी अनेकदा सांगितली आहे. रक्कम तीच, परंतु जिची मिळकत रोजची, तिला महिन्याचा हप्ता ओझे वाटतो. कंपनीने ग्रामीण भागातील बँकांना हे पटवून कर्जाची सोय करविली आणि दुरुस्तीसाठी ठिकठिकाणी सेवाकेंद्रे उभारली. दानात मिळालेला दिवा बिघडला की कोपऱ्यात पडतो; हप्ते भरून घेतलेल्या दिव्याची तक्रार ग्राहक हक्काने करतो. २०११ मध्ये हंदे यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

या वाटेवरील अडचणी नाकारण्यात अर्थ नाही. आरंभीचे वेतन बेताचे असते आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता ध्येयवाद पाहून थांबत नाही. म्हणूनच पदवीधराने प्रथम अशा एखाद्या उद्योगात काही वर्षे उमेदवारी करावी, घरचे देणे फेडावे आणि मगच स्वतःचा उपक्रम उभारावा, हे अधिक श्रेयस्कर. हिशेब हा सेवाभावाचा शत्रू नव्हे. ज्या उद्योगाला आपल्या कर्मचाऱ्यांचे वेतन वेळेवर देता येत नाही, त्याची समाजसेवाही फार काळ टिकत नाही.

पालकांनीही ‘पगार किती?’ एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. ‘देणग्या आटल्या तरी हा उद्योग चालेल काय?’ असेही विचारावे. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ज्या मुलाजवळ किंवा मुलीजवळ आहे, तिची वाट अडविण्याचे कारण उरत नाही.