पेशींच्या इंजेक्शनासाठी शेत विकू नका



घरातल्या कर्त्या माणसाच्या हातापायांतली शक्ती गेली की सारे घर हवालदिल होते. अशा वेळी कोणी सांगतो, "मोठ्या शहरात पेशींचे इंजेक्शन देतात, माणूस चालू लागतो." मग शेत, दागिने, घराची जागा विकायची भाषा सुरू होते. नांदेड-लातूरच्या आपल्या कुटुंबांनी त्याआधी हे समजून घ्यावे, एवढीच आमची विनंती.

विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे वेष्टण, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टण असते. ते ग्लिया नावाच्या पेशी तयार करतात. वेष्टण झिजले की मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये गुलेन-बारी आजाराची साथ आली. त्यात गाजलेले नांदेड पुण्याच्या सिंहगड रस्त्याजवळचे, आपले गोदाकाठचे नव्हे. या आजारात हातापायांच्या तंतूंवर हल्ला होतो. पण वेळेवर उपचार मिळाले तर ग्लिया पेशी पुन्हा वेष्टण चढवतात आणि बहुतेक रुग्ण सावरतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मात्र मेंदू व मज्जारज्जूतील वेष्टण जाते. तिथली दुरुस्ती अपुरी पडते.

म्हणूनच बाहेरून पेशी सोडण्याचे संशोधन चालू आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या रॉचेस्टर विद्यापीठात मायलिन नसलेल्या उंदरांना मानवी ग्लिया पेशी दिल्या. त्यांतले काही उंदीर जगले. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मतः मायलिन न बनणाऱ्या चार मुलांना मज्जासंस्थेच्या मूळ पेशी दिल्या. २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. सुधारणा दिसली, पण अल्प. ही आशा खरी आहे, पण हा अजून बाजारात विकत मिळणारा उपचार नव्हे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांनुसार, अशा आजारांत मूळ पेशी मंजूर चाचणीबाहेर देता येत नाहीत आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कोणी लाखांचा आकडा सांगितला, तर तिथेच ओळखावे.

ऐकीव गोष्ट खरी मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. आजारातही तोच धम्म पाळावा. आधी विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय रुग्णालयात कागद दाखवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. सांगितलेला व्यायाम सोडू नका. शेत राहिले तर लेकरांचे शिक्षण राहील.

जयभीम.