नदीच्या अलीकडचे मत

माननीय संपादक,


मी न्यू जर्सीत राहते. अमेरिकेची नागरिक झाल्यापासून राष्ट्राध्यक्षपदाच्या चार निवडणुकांत मतदान केले आणि चारही वेळा डेमोक्रॅटिक पक्षाला केले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिते आहे ते मुख्यतः माझ्याच बाजूच्या लोकांसाठी आहे. आपला अंक इथल्या अनेक मराठी घरांत वाचला जातो, म्हणून आपल्याकडे पाठवते आहे.

आमच्या घरापासून डेलावेअर नदी पंधरा मिनिटांवर आहे. पुलापलीकडे पेनसिल्वेनिया. तिथे माझी नणंद राहते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो होतो, तर पानावर बसल्यापासून उठेपर्यंत तीनदा दारावरची घंटा वाजली. दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते. टपालपेटीत पत्रकांचा गठ्ठा, फोन तर सारखा चालूच. त्या सबंध हंगामात माझ्या दारी राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारासाठी एकही माणूस फिरकला नाही. उलट आमच्याच गल्लीतली मंडळी शनिवारी सकाळी गाड्या भरून पूल ओलांडायची आणि पलीकडची दारे वाजवायची. मीही दोनदा गेले. परत येताना पुलावर मला खरोखर वाईट वाटले. माझे मत कोणालाच नको होते; नदीपलीकडच्या कोणाचे तरी मत वळवण्यापुरतीच माझी गरज होती.

याचे कारण सोपे आहे. राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतून निवडलेल्या निर्वाचकांच्या मतांवर. न्यू जर्सीची निर्वाचक मते (आता १४) १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराला गेली आहेत. पेनसिल्वेनियाची मते (आता १९) २०१६ मध्ये सुमारे ४४ हजारांच्या फरकाने ट्रम्प यांच्याकडे गेली, २०२० मध्ये सुमारे ८० हजारांच्या फरकाने बायडेन यांच्याकडे आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांच्याकडे. मेन आणि नेब्रास्का सोडली तर राज्यात एक मत जास्त मिळवणाऱ्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात. मग ज्या राज्याचा निकाल आधीच ठरलेला आहे तिथे कोण कशाला येईल?

आमच्या बाजूचा राग २००० आणि २०१६ या दोन सालांवर आहे. अल गोर यांना देशभरात पाच लाखांवर जास्त मते पडली, पण फ्लोरिडात ते ५३७ मतांनी मागे राहिले आणि हरले. हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांवर मते अधिक मिळूनही त्या हरल्या. तेव्हा ही पद्धत बदलावी म्हणून आमच्याकडे सभा झाल्या, सह्यांच्या मोहिमा निघाल्या, मीही सही केली. मग २०२४ आले. ट्रम्प निर्वाचक मतांतही जिंकले आणि एकूण मतांतही. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या मंडळींत हा विषयच निघत नाही. मी काढला तर ‘आता त्याचा काय उपयोग?’ असे विचारतात.

मला ही गप्प राहण्याची वृत्ती चुकीची वाटते. सुधारणा आपल्या पराभवाच्या वेळीच आठवत असेल तर समोरचा म्हणणारच की कोल्ह्याला द्राक्षे आंबट. २००४ साल आठवून पाहा. बुश यांना देशभरात तीस लाख मते जास्त होती, पण ओहायोत फरक होता सुमारे एक लाख अठरा हजारांचा. तिथल्या साठ हजार लोकांनी मत बदलले असते तर आमचे उमेदवार जॉन केरी तीस लाखांनी मागे असूनही राष्ट्राध्यक्ष झाले असते. आम्ही डाव्या बाजूचे लोक तेव्हा रस्त्यावर उतरलो असतो का? प्रामाणिक उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मला आवडत नाही. २०२० मध्ये ट्रम्प यांना सर्वाधिक मते देणारे राज्य टेक्सास नव्हते, कॅलिफोर्निया होते. साठ लाखांवर माणसांनी तिथे त्यांना मत दिले आणि त्यातून एकही निर्वाचक निवडला गेला नाही. त्या साठ लाखांचे राजकारण मला मुळीच पटत नाही, पण त्यांचे मत माझ्या मताइतकेच वाया गेले.

या पद्धतीमुळे छोट्या राज्यांचे रक्षण होते, असे सांगितले जाते. कागदावर वायोमिंगमध्ये साधारण १ लाख ९० हजार माणसांमागे एक निर्वाचक आहे, तर कॅलिफोर्नियात ७ लाख ३० हजारांमागे एक. पण म्हणून वायोमिंगला कोणी प्रचाराला जाते का? व्हरमाँटला? २०२४ चा सगळा जोर सात राज्यांवर होता: पेनसिल्वेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अॅरिझोना आणि नेवाडा. यातली बहुतेक छोटी नाहीत. मोठ्या शहरांचे राज्य येईल ही भीतीही हिशेबात टिकत नाही. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, ह्यूस्टन आणि फिनिक्स या पाच सर्वांत मोठ्या शहरांत मिळून देशातली सहा टक्केही माणसे राहत नाहीत.

मुळात ही पद्धत आली कशी, तेही पाहावे. १७८७ मध्ये याच डेलावेअर नदीकाठी, फिलाडेल्फियात, घटना लिहिली जात होती. घटनाकारांपैकी जेम्स विल्सन यांनी थेट लोकांकडून निवडणूक सुचवली होती. त्यांच्यातल्याच जेम्स मॅडिसन यांनाही लोकांनी निवडणे तत्त्वतः योग्य वाटत होते, पण दक्षिणेतल्या गुलामांना मत नसल्यामुळे तशा निवडणुकीत दक्षिणेचे वजन पडणार नाही, ही अडचण त्यांनीच बोलून दाखवली. निर्वाचकांची संख्या काँग्रेसमधल्या जागांवर ठरली आणि त्यातल्या प्रतिनिधीगृहाच्या जागांसाठी दर पाच गुलामांमागे तीन माणसे मोजली जात होती. न मिळालेल्या मताचे वजन मालकाच्या पारड्यात पडले. ही एकच कारणमीमांसा आहे असे मी म्हणत नाही; पण हे माहीत असताना घटनाकारांच्या शहाणपणाचा दाखला देऊन चर्चा संपवता येत नाही.

बदल अगदी हाताशी आला होता. इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांनी थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती मांडली. १९६९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ती प्रचंड बहुमताने मंजूर केली, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये स्ट्रॉम थर्मंड, सॅम एर्विन अशा दक्षिणेकडच्या सिनेटरांनी चर्चा लांबवत नेली. ती थांबवण्याच्या ठरावाला ५४ मते पडली, हवी होती दोन तृतीयांश. तिथेच ते संपले.

त्याच १९६९ मध्ये भारतात व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर राष्ट्रपती झाले. आपल्याकडेही निर्वाचक मंडळच आहे, मग अमेरिकेला का नावे ठेवायची, असे मला पुण्याच्या एका नातेवाइकांनी विचारले होते. पण आपल्या राष्ट्रपतींच्या हाती कारभार नसतो. शिवाय महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आणि गोव्याच्या आमदाराचे २० आहे, ते लोकसंख्येवरून (ती १९७१ ची आहे, तो वेगळा वाद). आणि मुंबईत एका बाजूचे आमदार जास्त आहेत म्हणून राज्याची सगळी मते त्या बाजूच्या उमेदवाराच्या झोळीत टाकली जात नाहीत. प्रत्येक आमदाराचे मत वेगळे मोजले जाते. मला न्यू जर्सीसाठी एवढेच हवे आहे.

सध्या हाती असलेला मार्ग म्हणजे राज्याराज्यांतला करार: देशभरात ज्याला जास्त मते, त्यालाच आपले निर्वाचक द्यायचे. सामील राज्यांच्या निर्वाचक मतांची बेरीज बहुमताइतकी, म्हणजे २७० झाली की तो लागू होईल. न्यू जर्सी २००८ मध्येच सामील झाले; २०२४ मध्ये मेन आले तेव्हा बेरीज २०९ झाली. माझा त्याला पाठिंबा आहे, पण डोळे उघडे ठेवून. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत राज्याला बाहेर पडता येत नाही असे कलम त्यात आहे, तरी पुढे विधानसभा फिरली की राज्य बाहेर जाऊ शकते. तीन-चार उमेदवारांत मते विभागली तर चाळीस टक्क्यांवरही कोणी निवडून येईल. देशव्यापी फेरमोजणीची सोय नाही. म्हणून आमच्या बाजूने घटनादुरुस्तीची मागणी सोडू नये, आणि तीत दुसरी फेरी किंवा पसंतीक्रमाचे मत असावे. बाय यांच्या प्रस्तावात चाळीस टक्क्यांच्या खाली दुसऱ्या फेरीची तरतूद होतीच.

पेनसिल्वेनिया अजून या करारात नाही. नणंदेला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, आज आमचं ऐकायला सगळे येतात. ते आम्ही आपणहून का सोडायचं?” तिचे म्हणणे मला खोडता आले नाही. मी एवढेच विचारले, की उद्या ती मुलाजवळ कॅलिफोर्नियात राहायला गेली तर तिचे मत कुठे जाईल? ती त्यावर काही बोलली नाही, पण हॅरिसबर्गमधल्या, म्हणजे राज्य विधानसभेतल्या, तिच्या प्रतिनिधीचा पत्ता तिने माझ्यासमोर शोधून काढला. पत्राचा मसुदा आम्ही दोघी मिळून करतो आहोत.

आपली एक वाचक,
मर्सर काउंटी, न्यू जर्सी