सन्मान मिळाला, टेबल मात्र वेगळे!

२९ फेब्रुवारी १९४०. लॉस एंजलिस शहरातील ॲम्बॅसॅडर हॉटेलात ऑस्कर पुरस्कारांचा सोहळा सुरू होता. ‘गॉन विथ द विंड’ या गाजलेल्या चित्रपटाचे कलावंत एका टेबलाभोवती बसले होते. त्याच चित्रपटातील एक अभिनेत्री मात्र त्यांच्यात नव्हती. तिला दूर, भिंतीलगतच्या एका छोट्या टेबलावर बसवले होते. तिचे नाव हॅटी मॅकडॅनियल. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून प्रवेश नव्हता. निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने खास विनंती केली म्हणून तिला आत येता आले. काही वेळाने तिचेच नाव पुकारले गेले. सहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर तिला मिळाला होता. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली. टाळ्या वाजल्या. तिला अश्रू आवरेनात. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणीही तिचे टेबल हलवले नाही.

तिने आपला पुरस्कार मृत्युपत्राने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला दिला होता. तो तेथून गहाळ झाला. अखेर १ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याच्या जागी नवा फलक विद्यापीठाला समारंभपूर्वक दिला. एका हरवलेल्या वस्तूची भरपाई झाली, हे चांगलेच झाले. पण हॅटीच्या आयुष्यातून जे हिरावले गेले, त्याची भरपाई कोण करणार? आणि तिने जे लढून मिळवले, त्याची आठवण कोण ठेवणार? पुरस्काराची कथा सगळे सांगतात. तिच्या घराची, म्हणजे कोर्टाची, कथा फार थोडे सांगतात. माझ्या मते दुसरी कथा पहिलीपेक्षा मोठी आहे.

हॅटीचे आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. वडील हेन्री गुलामगिरीविरुद्धच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढले, जखमी झाले. ज्या राष्ट्रासाठी रक्त सांडले, त्याच राष्ट्राकडून पेन्शन मिळवण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले. १८९० च्या दशकात कॅन्सस राज्यातील विचिटा येथे हॅटीचा जन्म झाला. तेरा भावंडांत ती सर्वांत धाकटी. बालपण डेन्व्हरमध्ये गेले. गाणे, नाच, विनोद हे सारे घरातच होते. भावांसोबत ती फिरत्या नाटकमंडळीत गेली, गाणी लिहिली, रेडिओवर गायली. १९२९ च्या मंदीने सगळे संपवले. मिलवॉकी शहरातील एका क्लबमध्ये तिला काम मिळाले, ते गाण्याचे नव्हे, तर स्वच्छतागृहातील सेविकेचे! पुढे त्याच क्लबात तिला गाण्याची संधी मिळाली आणि तिने ती सोडली नाही. १९३१ मध्ये ती लॉस एंजलिसला आली. चित्रपटात छोटी कामे मिळत, पण त्यावर पोट भरत नव्हते. म्हणून ती लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करी आणि पडद्यावरही मोलकरणीचेच.

हॉलीवूडमध्ये कृष्णवर्णीय स्त्रीसाठी दुसरी भूमिकाच नव्हती. गोऱ्या नायकासमोर तिला नायिका म्हणून उभे करणे अशक्य होते, कारण गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला चित्रपट उद्योगाच्या स्वतःच्या आचारसंहितेनेच बंदी घातली होती. त्यामुळे उरले काय? स्वयंपाकीण, दाई, मोलकरीण! ‘गॉन विथ द विंड’ मधील तिच्या पात्राला स्वतःचे नावसुद्धा नाही. सगळे तिला ‘मॅमी’ म्हणतात. मालकाच्या घरावर जीव ओवाळून टाकणारी, गुलामगिरीत सुखी असलेली दाई! हा चित्रपट गुलामांच्या मालकांचे वैभव डोळ्यांत पाणी आणून दाखवतो आणि ज्यांच्या पाठीवर ते वैभव उभे होते, त्यांना मालकाचे प्रेमळ चाकर म्हणून उभे करतो. हॅटीने त्या निनावी पात्रात करारीपणा ओतला, ही तिची कला. चित्रपटाचा विचार त्यामुळे बदलला नाही, हेही तितकेच खरे.

या चित्रपटाचा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे झाला. तेथे वर्णभेद कायद्यानेच लागू होता. हॅटी त्या खेळाला जाऊ शकली नाही. आदल्या रात्री गोऱ्यांच्या मेजवानीत गुलामांचा वेश करून गाणाऱ्या चर्चच्या गायकवृंदात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग! त्या शहरात कृष्णवर्णीयांना त्या उत्सवात प्रवेश होता, पण फक्त गुलामाच्या वेशात. व्यवस्था कशी चालते, हे समजायला यापेक्षा वेगळे उदाहरण नको.

पुरस्कारानंतर हॅटीचे दिवस पालटतील असे वाटले होते. प्रत्यक्षात पुन्हा त्याच भूमिका मिळाल्या. आणि आता दुसऱ्या बाजूनेही मार बसू लागला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे सरचिटणीस वॉल्टर व्हाइट १९४२ मध्ये हॉलीवूडला गेले. स्टुडिओच्या मालकांना भेटून त्यांनी मागणी केली की, आमच्या समाजाला केवळ चाकर आणि विदूषक म्हणून दाखवणे थांबवा. मागणी शंभर टक्के रास्त होती. पडद्यावरचा चाकर पाहून गोरा प्रेक्षक रस्त्यावरच्या कृष्णवर्णीय माणसाला चाकरच समजत होता. परंतु या मोहिमेत हॅटीसारखे कलावंत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांच्याशी आधी बोलावे, असे फारसे कुणाला वाटले नाही. हॅटी चिडली. मोलकरीण होऊन आठवड्याला सात डॉलर मिळवण्यापेक्षा मोलकरणीची भूमिका करून सातशे मिळवलेले काय वाईट, अशा अर्थाचे तिचे उत्तर आजही सांगितले जाते.

या उत्तरात केवळ पैशाचा हिशेब नाही. ज्या बाईने खरोखर लोकांची घरे पुसली आहेत, तिला ‘ही भूमिका करू नकोस’ असे सांगणाऱ्याने दुसरी भाकरीही दाखवली पाहिजे, असा तो सवाल आहे. पण याच उत्तराची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. एकीचे पोट भरते म्हणून संपूर्ण समाजाची बदनामी योग्य ठरत नाही. व्हाइट यांचा प्रश्न बरोबर होता. मात्र तो विचारायचा होता पटकथा लिहिणाऱ्यांना, निर्मात्यांना, तिकिटे विकणाऱ्यांना. जिच्या हाती कात्री नव्हती, लेखणी नव्हती, तिला किती दोष द्यायचा? पुढे १९४७ मध्ये ‘ब्यूला’ या रेडिओ मालिकेची ती नायिका झाली. पात्र पुन्हा मोलकरणीचेच होते. पण आपल्या समाजाची खिल्ली उडवणारी मोडकीतोडकी बोली बोलणार नाही, अशी अट तिने घातली. थोडा अधिकार हाती येताच तिने तो कसा वापरला, हे यातून दिसते.

आता तिच्या घराची गोष्ट. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅटीने लॉस एंजलिसच्या वेस्ट ॲडम्स हाइट्स भागात मोठे घर घेतले. इतरही यशस्वी कृष्णवर्णीय तेथे आले. अभिनेत्री लुईस बीव्हर्स, गायिका एथेल वॉटर्स, विमा व्यवसायातील नॉर्मन ह्यूस्टन यांची घरे त्याच वस्तीत होती. लोक तिला ‘शुगर हिल’ म्हणत. परंतु तेथील जमिनींच्या जुन्या करारपत्रांत एक कलम होते. ही मालमत्ता कृष्णवर्णीयांना विकायची नाही आणि त्यांनी येथे राहायचे नाही! त्या काळी अमेरिकेच्या अनेक शहरांत अशी कलमे सर्रास होती. काही गोऱ्या शेजाऱ्यांनी त्या कलमाच्या आधारे कोर्टात धाव घेतली. मागणी अशी की, या लोकांना त्यांच्या स्वतःच्या घरांतून बाहेर काढा. पडद्यावर गोऱ्यांच्या घरात राबणारी हॅटी सगळ्यांना हवी होती. शेजारच्या घराची मालकीण झालेली हॅटी मात्र नको होती!

हॅटी आणि तिचे शेजारी एकत्र आले. त्यांचे वकील होते लॉरेन मिलर. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ज्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते, त्यांनीच १९१० मध्ये ‘द क्रायसिस’ हे मासिक सुरू केले. त्या मासिकात १९३४ साली याच मिलर यांनी हॉलीवूडच्या कृष्णवर्णीय प्रतिमेवर कठोर लेख लिहिला होता. म्हणजे हॅटीला मिळणाऱ्या भूमिकांचा हा जाहीर टीकाकार! पण हॅटीच्या घरावर घाला आला तेव्हा तोच टीकाकार तिच्या बाजूने कोर्टात उभा राहिला. टीका मागे घेतली नाही आणि माणूसही सोडला नाही. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी गोऱ्या रहिवाशांचा दावा फेटाळला. संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीने दिलेला समान संरक्षणाचा हक्क आता कोणतीही पळवाट न काढता दिला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

हा मुद्दा पुढे मे १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशासाठी निकालात काढला. त्यासोबत चाललेल्या एका खटल्यात मिलर हे थर्गूड मार्शल यांच्यासह वकील होते. निकालाचे सूत्र साधे होते. दोन खासगी माणसे आपसांत काहीही करार करोत, पण त्या कराराची अंमलबजावणी करायला जेव्हा न्यायालय पुढे येते, तेव्हा ती सरकारची कृती ठरते. आणि सरकारला वर्णावरून भेद करता येत नाही. कागदावरचे कलम राहिले, पण त्यामागची पोलिसाची काठी गेली. काठी नसलेल्या कलमाची किंमत काय असते, हे कोर्टात उभे राहणाऱ्यांना सांगायला नको.

हॅटीचा शेवट मात्र सुखाचा नव्हता. प्रकृती ढासळली, वैवाहिक आयुष्यात अपयश आले, कामे कमी झाली. दूरचित्रवाणीवरील ‘ब्यूला’ तिच्याकडे आली, पण आजारपणामुळे ती सोडावी लागली. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी स्तनाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. हॉलीवूडच्या दफनभूमीत चिरविश्रांती मिळावी, ही तिची शेवटची इच्छा होती. तेथे फक्त गोऱ्यांना जागा होती. ऑस्करविजेत्या अभिनेत्रीला मरणानंतरही त्या भूमीने नाकारले आणि रोझडेल दफनभूमीत तिला जागा मिळाली. १९९९ मध्ये हॉलीवूडच्या त्याच दफनभूमीत तिचे स्मारक उभारले गेले. २००६ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले. तिच्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला, व्हूपी गोल्डबर्गला, ऑस्कर मिळाला तो १९९१ मध्ये. मध्ये ५१ वर्षे गेली! आणि शुगर हिल? १९६० च्या दशकात त्या वस्तीच्या पोटातून द्रुतगती मार्ग काढण्यात आला. कोर्टात वाचलेली अनेक घरे बुलडोझरखाली गेली.

वाचकहो, या आयुष्याचा ताळेबंद मांडून पाहा. वरून मेहेरबानी म्हणून जे मिळाले, ते वेगळ्या टेबलासकट मिळाले. पुरस्कार मिळाला, पण भूमिका बदलली नाही, दफनभूमीचे दार उघडले नाही, आणि तो पुरस्कारही हरवला. पण चार शेजारी एकत्र येऊन, वकील उभा करून, संविधानाचे नाव घेऊन जे मिळवले, ते वस्ती तुटली तरी टिकले. तो हक्क पुढे अशा हजारो माणसांच्या कामी आला, ज्यांनी हॅटीचा एकही चित्रपट पाहिला नसेल. ॲम्बॅसॅडर हॉटेलचे दारही शेवटी कोणाच्या विनंतीने उघडले नाही. १९५९ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने व्यवसायांना असा भेदभाव करायला मनाई केली.

चळवळीतल्या माणसाने यातून आणखी एक गोष्ट घ्यावी. व्यवस्थेच्या घरात राहून पोट भरणारा आपला माणूस नेहमीच आपल्या मनासारखा वागणार नाही. त्याच्या भूमिकेवर टीका करण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि कर्तव्यही आहे. पण त्याच्या घरावर दावा लागेल त्या दिवशी आपण कोठे असू? वॉल्टर व्हाइट यांनी हॅटीला जो प्रश्न विचारला, तो चुकीचा नव्हता. लॉरेन मिलर यांनी तो प्रश्न तसाच ठेवला आणि तिचे वकीलपत्रही घेतले. समाजाला दोघेही हवेत. पण संकटात सापडलेल्या माणसाला आधी मिलर हवा असतो.