चपला कोण सांभाळणार?

मैत्रिणींनो, कुठल्याही समुद्रकिनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी जा, एक दृश्य हमखास दिसेल. नवरा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात, पोरं कधीचीच ओलीचिंब आणि घरातली बाई कोरड्या वाळूत उभी. एका हातात सगळ्यांचे मोबाईल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, पायाशी चपलांचे पाच जोड. मधूनच ओरडते, "अरे, लांब जाऊ नका!" झाली तिची सहल.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी एकदा सहज विचारलं, समुद्र कुणीकुणी पाहिलाय? पुष्कळ हात वर झाले. मग विचारलं, कमरेपर्यंत पाण्यात कोण गेलंय? सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. "अहो ताई, साडी भिजते ना!" एकीने सांगून टाकलं. साडी भिजते हे खरं, पण पैसे साठवून, रजा जुळवून समुद्रापर्यंत जायचं ते कोरडं परत यायला का?

आम्हा नाशिककरांना समुद्र लांब वाटतो. सुट्टी दोन दिवसांची आणि बेत गणपतीपुळ्याचा, म्हणजे निम्मी सुट्टी गाडीतच जाते. पुरुषमंडळी दमण सुचवतात, ते कशासाठी ते तुम्हालाही माहीत आहे. खरं तर आपली गोदावरी जिथे उगम पावते त्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. गोदामाई मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. आपल्याला एवढा वळसा घालायची गरज नाही. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार करत डहाणूला उतरायचं आणि किनाऱ्याने बोर्डी गाठायची. साधारण दीडशे किलोमीटर. घाटरस्ता आहे, त्यामुळे चार-साडेचार तास धरा. गाडी नसेल तर रेल्वेने कल्याण-दादरमार्गे डहाणू रोडला जाता येतं. २०१३ पासून लोकलही डहाणूपर्यंत जाते.

आता बेत आखताना पहिली गोष्ट. या सहलीला देवदर्शन जोडू नका. नाशिककरांना देव कमी आहेत का? पंचवटी घरापाशी, त्र्यंबकराजा वाटेवर. पण "एवढं जातोच आहोत तर" म्हणून आणखी एक देऊळ घुसतं, की मग सोवळं-ओवळं येतं, तारखांचा हिशेब येतो, गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलणं येतं. समुद्राला कशाचाही विटाळ नाही. त्या दिवसांत पाण्यात जावंसं वाटलं नाही तर वाळूत बसा, पण त्यासाठी शरीराशी खेळ कशाला?

दुसरी गोष्ट स्टोव्हची. सहलीला स्टोव्ह, डाळ-तांदूळ आणि दोन दिवसांच्या दशम्या नेणाऱ्या घरांचं मला कौतुक वाटत नाही. जागा बदलली, ओटा तोच! बोर्डी-घोलवडला चिकूच्या वाड्यांमध्ये घरगुती राहायची सोय होते, जेवण मिळतं. तिथेही रांधणारी बहुधा बाईच असते, पण ती तिच्या कामाचे पैसे घेते. तिच्याशी वीस-तीस रुपयांसाठी घासाघीस करू नका.

तिसरी गोष्ट कपड्यांची, आणि ही नटण्यामुरडण्याची नाही, जिवाची आहे. साडी पाण्यात जड होते, पायांत गुंडाळली जाते, लाट परतताना बाई आडवी होते. अंगाबरोबरचा पंजाबी ड्रेस किंवा लेगिंग आणि टी-शर्ट घाला, ओढणी पिशवीत ठेवा. सासूबाई काय म्हणतील? माझा अनुभव असा, की सासूबाईंनाही एक जुना ड्रेस दिला की त्या आपल्याआधी पाण्यात असतात. त्यांचाही जन्म चपला सांभाळण्यातच गेलेला असतो.

चौथी गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण ती जमली नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली १४ मुलं-मुली बुडाली. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. किनारा शांत दिसतो म्हणून पाणी शांत असतं असं नाही. आपण घाटावरची माणसं, नदीचा पूर आपल्याला कळतो, पण भरती-ओहोटी कळत नाही. ती कळायला मोठी विद्या लागत नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी किंवा नंतर पूर्ण ओहोटी. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून तिथल्या कोळ्यांना विचारून खात्री करायची.

आता हाच हिशेब पौर्णिमेला लावा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी जेवून, जरा लवंडून आपण किनाऱ्यावर जातो तेव्हा पाणी ओसरत असतं, माणसाला आत ओढत असतं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण, ओढही जास्त. आणि नेमकी पौर्णिमा बघून, चांदण्याच्या हौसेने आपण बेत करतो! त्यापेक्षा अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार निवडा. तेव्हा भरती-ओहोटीचा जोर कमी असतो आणि दुपारी तीन ते पाच पाणी किनाऱ्याकडे येत असतं. भिजायचं ते चढत्या पाण्यात, तेही कमरेच्या खाली. बोर्डीचा किनारा सपाट आहे, ओहोटीला समुद्र खूप आत जातो, मुलं त्याच्यामागे चालत सुटतात आणि पाणी फिरलं की पटकन वेढा पडतो. जून ते नारळी पौर्णिमा तर नावच काढू नका. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारे कोळीही तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात.

आणि हो, चपला! त्यांच्यासाठी पाळी लावा. अर्धा तास नवऱ्याने बसायचं, अर्धा तास मोठ्या मुलाने. काठावर एक जण कोरडा, लक्ष ठेवणारा असावाच, पण तो दरवेळी आईच का?

वाटेतल्या स्वच्छतागृहांचा प्रश्न मी टाळणार नाही. बाहेर पडलं की बायका पाणी पिणंच सोडतात आणि परत आल्यावर लघवीच्या जळजळीने आजारी पडतात. निघण्यापूर्वीच ठरवा, कुठे थांबायचं ते. त्र्यंबक, जव्हार, डहाणू या गावांत थांबा घ्या. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह मागणं हा आपला हक्क आहे, कुलूप असेल तर किल्ली मागा. लाजू नका.

मुलगी बरोबर असेल तर तिला एक गोष्ट जरूर सांगा. याच बोर्डीत १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासींची मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात न्यायची, हे या दोघींनी करून दाखवलं. आज गावोगावी जी अंगणवाडी दिसते तिची मुळं त्या मातीत आहेत. आमच्या गटातल्या अंगणवाडी सेविकांना हे ठाऊक नव्हतं, ऐकून त्यांचे डोळे लकाकले.

हा किनारा आहे तसा किती दिवस राहील, हाही प्रश्न आहे. डहाणूजवळ वाढवणला मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तिथल्या मच्छीमारांचा, त्यांच्या बायकांचा त्याला वर्षानुवर्षं विरोध आहे. मासळी गेली तर पाटी कशाने भरायची, हा त्यांचा सवाल आहे. किनाऱ्यावर मासे घेताना दोन शब्द बोला त्यांच्याशी.

परतीला घरी पोचायला रात्र होणार, म्हणून सोमवारचा डबा पोळी-भाजी केंद्राला आधीच सांगून ठेवा. वाळूने भरलेले कपडे ज्याचे त्याने झटकायचे. आणि घोलवडचे चिकू घ्याल ते कडक बघून घ्या, पिकलेले घेतलेत तर जव्हारच्या घाटात लगदा होतो. कडक चिकू तांदळाच्या डब्यात घालून ठेवा, चार-पाच दिवसांत एकेक करून खायला मिळतात.