हायड्रोजनचा हिशेब आधी मांडा

'ग्रीन हायड्रोजन'चा सध्या मोठा गाजावाजा आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे मिशन मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण जाहीर केले. नागापूर एमआयडीसीत कामगारांच्या गणवेशाचे कापड घ्यायला येणारे आम्हाला विचारतात, "शेठ, यात आपल्याला काय?"

आम्ही उर्दू शाळेत शिकलेले कापडवाले. पण हा विषय आमच्या दुकानातच आहे. मर्सराइज्ड सुताची चमक कॉस्टिक सोड्यामुळे येते. तो सोडा मिठाच्या पाण्यातून वीज सोडून बनतो आणि एक टन सोड्यामागे २५ किलो हायड्रोजन निघतो. बॅटरीवाल्याच्या दुकानात जादा चार्जिंगने पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात, तेही हायड्रोजन आणि ऑक्सिजनच. म्हणून तो तिथे बिडी पेटवू देत नाही. मुलामा चढवणाऱ्याच्या टाकीतही हेच शास्त्र आहे. हुन्नर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, त्यामागचे इल्म मात्र आपण शिकलो नाही.

त्याची किंमत आम्ही मोजली. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ पाण्यावर गाडी चालवणाऱ्या किटची एजन्सी घेऊन आले. आम्ही विसार दिला, दोन स्कूटरना किट बसवले. ॲव्हरेज वाढले नाही आणि गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत. शेजारच्या बॅटरीवाल्याने मग समजावले, "पाणी फोडायला वीज लागते, ती वीज इंजिन बनवते आणि इंजिन पेट्रोल पिते. नफा येणार कुठून?" हे आधी विचारले असते तर विसार वाचला असता.

खरा हिशेब असा. एक किलो हायड्रोजनसाठी किमान ९ लिटर शुद्ध पाणी आणि सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. युनिट ५ रुपये धरले तरी नुसत्या विजेचे अडीचशे रुपये झाले. तोच हायड्रोजन इंधनघटात घातला तर साधारण १६-१७ युनिट परत मिळतात. तीन रुपये टाकून एक रुपया उचलायचा, असा हा धंदा. जिथे बॅटरीने भागते तिथे बॅटरीच बरी. खत, पोलाद, लांब पल्ल्याची जड वाहने अशा जागी मात्र हायड्रोजनला अर्थ आहे.

ही तूट कमी करण्यासाठीच संशोधन चालले आहे. झिल्लीच्या यंत्रात प्लॅटिनम आणि इरिडियमसारखे महाग धातू लागतात; ते कमी कसे लागतील, निकेलसारख्या स्वस्त धातूवर काम कसे होईल, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेली इंधनघटाची बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात लोकांसमोर आली. पुणे आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे.

प्रयोगशाळेतले यंत्र कारखान्यात आले की त्याला वेल्डर लागेल, प्लेटिंगवाला लागेल, गळती पकडणारा फिटर लागेल. हायड्रोजन अत्यंत हलका, चटकन पेटणारा वायू आहे. तिथे अंदाजाने काम चालत नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. आयटीआयमध्ये या कामाचे शिक्षण मागा. वर्कशॉपमध्ये बसणाऱ्या पोराला संध्याकाळी रसायनशास्त्राच्या वर्गाला पाठवा. आणि कोणी एजन्सी घेऊन आला, तर चहा पाजा. पण विसार देण्याआधी एवढेच विचारा: किलोला युनिट किती?