काटकसर करायची तरी कशात?

‘काटकसर केली तर थोड्या पगारातही संसार नेटका होतो’ हे मागील अंकातील पत्र वाचले. लेखकाचा हेतू चांगला असेल, पण हिशेब जुळत नाही.

किमान वेतन ठरवताना काय धरावे, हे 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने सांगितले होते : प्रौढाला रोज 2700 उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, इंधन-दिवाबत्ती. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरा, असे सर्वोच्च न्यायालयाला 1991 मध्ये सांगावे लागले. पुढे 2019 मध्ये तज्ज्ञ समितीने रोजचे किमान 375 रुपये सुचवले; केंद्राने देशपातळीवर ठरवले 178, म्हणजे आधीपेक्षा दोन रुपये जास्त! महिन्याचे 26 दिवस भरले तरी हाती 4628 रुपये. बहुतेक राज्यांचे दर याहून बरे आहेत, पण कंत्राटदाराच्या हातून ते पूर्ण मिळाले तर.

आमच्या सोसायटीचे रखवालदार काका बारा तासांची पाळी करतात. खाडा झाला की पगार कापला जातो, म्हणून तापातही येतात. डब्यात दोन भाकऱ्या नि ठेचा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी आता काय कमी करावे?

दिवसभर राबूनही घर चालत नसेल, तर दोष खर्चाचा नाही, वेतनाचा आहे. सोसायट्यांनी कंत्राट देताना सर्वांत स्वस्त दर न पाहता रखवालदारांची पगारपत्रके आणि पीएफच्या पावत्या मागाव्यात. एवढे तर आपल्या हातात आहे.

– एक वाचक, पुणे